राखाडी कांडी

ओकली, मेलबर्न
४ मे

रूता,

काय झालं ते आधी क्रमाने लिहिते. मतं नंतर.

१. तू गेल्यापासून मी तुझा उत्प्रेरक नऊ वेळा नव्याने बनवला. कृती तुझीच, शब्दशः.

२. तीच पूड गाळून पुन्हा वापरत गेले. दर वेळी पहिली फेरी तुझ्याइतकीच चांगली निघाली. दुसरी रेंगाळली. तिसऱ्या फेरीत चंबूत जे घातलं तेच बाहेर आलं.

३. मार्चमध्ये मॉरवेलच्या कारखान्याने तो दोनशे लिटरच्या भांड्यात चालवून पाहिला. पहिली फेरी चांगली, दुसरी रडतखडत, तिसरी शून्य.

४. तुझ्या हातात तोच उत्प्रेरक वीस फेऱ्या चालला. ते छापून आलं आहे. त्यावर तुझं, माझं आणि गाइड म्हणून डेसचं नाव आहे, त्याच क्रमाने.

५. डेसच्या मते एक ते चारमधून एकच निष्कर्ष निघतो: कारखान्यातल्या लोकांना पूड नीट धुता येत नाही आणि मिरेनचे हात वाईट आहेत.

६. कारखाना ३० जूनला, आर्थिक वर्ष संपताना, मोठ्या भांड्याच्या ऑर्डरवर सही करणार आहे. तोपर्यंत खर्ची पडलं नाही तर सरकारी अनुदान परत जातं.

७. तुला ईमेल केले, उत्तर नाही. फोन एकदा वाजतो आणि बंद होतो. त्याचा अर्थ मला कळतो. म्हणून पत्र. पत्ता तुझ्या आईकडून घेतला. तिला बोलू नकोस. कामाचं आहे असं मी सांगितलं, आणि ते खरं आहे.

आता प्रश्न. सिलिकाची पूड तू कोणत्या पोत्यातली घेतलीस? जुनं पोतं संपून नवं आलं ती तारीख नोंदवहीत आहे, पण तू त्यानंतरही जुनीच वापरत होतीस का? पॅलेडियमचं द्रावण तू स्वतः करायचीस की तयार आणायचीस? फेऱ्यांच्या मधे पूड रात्रभर वाळवायचीस असं लिहिलंय. भट्टीत, की नुसतीच उघड्यावर?

आणखी एक. धातू निसटतो आहे का ते पाहायला द्रव तपासायला पाठवला होता, तो विसाव्या फेरीनंतरचा होता. त्यात काही सापडलं नाही. पहिल्या फेरीनंतरचा द्रव कुणी पाठवला होता का? मी माझा पाठवला. त्यात भरपूर पॅलेडियम आहे.

हे आरोप नाहीत. नुसते प्रश्न आहेत. एका ओळीची उत्तरं चालतील.

मिरेन


ओकली
१८ मे

रूता,

उत्तर आलं नाही. पत्र पोचलं आहे. मी ते नोंदणी करून पाठवलं होतं आणि तुझी सही मला पोस्टाच्या वेबसाइटवर दिसते.

मधल्या काळात मी पोतं बदललं, पाणी बदललं, भट्टीचं तापमान बदललं, नायट्रोजनचा सिलिंडर बदलला. तिसरी फेरी शून्य. मग सगळं पुन्हा पहिल्यासारखं केलं. तिसरी फेरी शून्य. हे लिहिताना मी शांत आहे. प्रयोगशाळेत तेवढी नव्हते. एक चंबू फुटला. तो आपोआप फुटला असं मी नोंदवहीत लिहिलेलं नाही.

गुरुवारच्या बैठकीत मी आकडे पडद्यावर लावले. डेस बिस्किट चहात बुडवून बसला होता. म्हणाला, "मिरेन, बाळा, तुझा स्वैपाक कसा असतो गं?"

मी म्हटलं, "याचा काय संबंध?"

"माझी आई माल्टाहून आली तेव्हा तिच्याकडे एक पाककृती होती. तीच कृती माझी बायको करते. आईचं ताट रिकामं व्हायचं. बायकोचं कुत्र्याला जातं. कृती तीच. हात, बाळा, हात."

सगळे हसले. मीही ओठ हलवले. मग त्याने मला खोलीत बोलावून दार लावलं आणि साध्या आवाजात सांगितलं की जुलैपर्यंत मी तीन फेऱ्यांच्या पुढे गेले नाही, तर डॉक्टरेटचा नाद सोडून मास्टर्स घ्यावी आणि एखादी चांगली नोकरी बघावी. "रूताने करून दाखवलंय. वीस वेळा. मी स्वतः शेजारी उभा होतो," तो म्हणाला. हे खरं आहे. मीही उभी होते.

तेच मला खातंय. तू आकडे बनवले असतेस तर सोपं होतं. पण मी पाहिलं आहे. पूड गाळणीवर आली, तू ती धुतलीस, वाळवलीस, त्याच चंबूत परत टाकलीस, आणि ती पुन्हा चालली.

तू जाण्याआधीच्या शेवटच्या बैठकीनंतर कार पार्कमध्ये तू मला म्हणालीस, "सरळ सांग ना, रूताने घरी बसून आकडे लिहिले म्हणून." मी म्हटलं, मी फक्त माझे आकडे वाचून दाखवले. त्यावर तू म्हणालीस, "तुझं ना, फ्रिजसारखं आहे. कुणी दार उघडेपर्यंत आत दिवा आहे की नाही तेच कळत नाही." मला हे शब्द पाठ आहेत कारण माझी स्मरणशक्ती चांगली आहे. दुसरं कारण नाही.

त्या शुक्रवारी तुझा निरोप-समारंभ पबमध्ये झाला. डेसची लॅब जो सोडतो तो आपली ढवळायची चुंबकाची कांडी सगळ्यांत नव्या माणसाला देऊन जातो. तुझी तर डेसच्या पहिल्या विद्यार्थ्यापासून हातोहात आलेली होती. सगळ्यांत नवी मीच होते. तू बियर संपवलीस, सगळ्यांना मिठ्या मारल्यास आणि गेलीस. मला काही फरक पडला नाही. सोमवारी मी नव्या कांड्यांचा डबा मागवला. तेव्हापासून त्याच वापरते. त्या पांढऱ्याशुभ्र आहेत आणि व्यवस्थित फिरतात.

मागच्या पत्रातल्या प्रश्नांपैकी निदान पोत्याचं सांग.

मिरेन


मॉरवेलहून परत येताना, गाडीत
२६ मे

रूता,

आज मॉरवेलला गेले होते. डेसने पाठवलं. कारखान्यातल्या लोकांना पूड धुवायला शिकवायला. मला, म्हणजे जिचे हात वाईट आहेत तिला.

तुझे वडील कामाला होते ती कागद गिरणी होती त्या रस्त्यावरून गेले. तिची चिमणी पाडली आहे. कारखाना तिथून पुढे, जुन्या गोदामात. आत भांडं चकचकीत आहे. वरून पोलादी दांडा, खाली पात्या, गरगर फिरतात. ते चालवते गेल प्रुइट. पन्नाशीची, केस कापलेले, गिरणीत तुझ्या वडिलांच्या पाळीत होती म्हणे.

"काय गं बाई," ती म्हणाली, "आज जादूची पूड आणलीस, की परत वाळूच?"

मी म्हटलं, पूड धुवायची पद्धत दाखवायला आले आहे.

"दाखव की. मी तीस वर्षं गिरणीत कागदाचा लगदा धुतला. तुझ्या चमचाभर पुडीने मला शहाणं करायचं राहिलंय." पण तिने हातमोजे चढवले आणि मी सांगितलं तसं सगळं केलं, माझ्यापेक्षा नीट. आम्ही सकाळी दुसरी फेरी लावली. दुपारपर्यंत निम्माच माल झाला होता. धुतली, पुन्हा लावली. चारला मी नमुना काढला. काही नाही.

गेलने भांड्याच्या काचेतून आत पाहिलं. म्हणाली, "मेलीय."

"हो."

"मग वीस वेळा कुणाची चालली?"

"रूताची."

"वायत्कुसांच्या रूताची? ती पोर खोटं बोलणारी नाही." ती हातमोजे काढत राहिली. मग म्हणाली, "हे बघ. द्राक्षांवर फवारायच्या औषधाचा हा कच्चा माल आपण जुन्या पद्धतीने केला तर दर घाण्याला एक पिंप काळा, धातूचा गाळ निघतो. तो कुठे टाकायचा, यावरून या गावात आधीच डोकी फुटली आहेत. तुमची पूड चालली तर गाळ नाही. गाळायची, परत घालायची. म्हणून तर गावाने होकार दिला. आता ती चालणार नसेल तर आत्ता सांगा. गिरणी बंद होणार हे साहेबांना वर्षभर आधी माहीत होतं. आम्हाला पंधरा दिवस आधी कळलं. मी तोवर नवीन स्वैपाकघर करून घेतलं होतं. आम्हाला वाईट बातमी चालते गं. शिळी नको."

मी म्हटलं, माझ्याकडे अजून कारण नाही. नुसता आकडा आहे.

"कारण कधी येणार?"

तुझ्याकडे असेल, असं वाटलं होतं.

तुझ्या आईकडे जायचं ठरवलं नव्हतं. पण तिने मला पेट्रोल पंपावर गाठलं. मॉरवेल केवढं, तुला माहीत आहे. काचेवर टकटक केली. "तू मिरेन ओगिल्वी ना? रूताच्या फोटोत जाड दिसतेस." मग घरी नेलं. बटाट्याचा कुगेलिस ओव्हनमध्ये होताच. मी म्हटलं, मी फक्त पाच मिनिटं थांबेन. ती म्हणाली, "उपाशी माणसाशी मी बोलत नाही. खोटं ऐकून घ्यावं लागतं." मी दोनदा घेतला.

"भांडलात ना दोघी?"

"भांडण नाही. प्रयोगाचे आकडे जुळत नाहीत."

"एका घरात दोन वर्षं राहिलात, एका परातीत पिठं मळलीत, आणि म्हणे आकडे." तिने माझ्या ताटात आणखी सावर क्रीम घातलं. "भांडायचं तर समोर बसून भांडा. हे पोस्टातून भांडण कसलं? तिकीट लावून! मागच्या आठवड्यात फोन आला तिचा. विचारते, आई, मिरेनची पत्रं एवढी जाड कशी? मी म्हटलं, उघडून बघ. म्हणाली, उघडलीत."

म्हणजे तू वाचतेस. ही माहिती मी फक्त नोंदवते आहे.

मग तिने मला फोनवर तुझ्या रॉकिंगहॅमच्या नव्या घराचे फोटो दाखवले. समुद्र. बाल्कनी. स्वैपाकघर. फ्रिजच्या दारावर तुझ्या वडिलांचं गिरणीचं ओळखपत्र आहे. तुझ्या आईने त्यावर बोट ठेवलं. मी फोटो मोठा करून पाहिला. ओळखपत्र कशाने अडकवलं आहे तेही मला दिसलं. कुगेलिस चांगला झाला आहे असं म्हटलं.

हायवेवर काम चालू आहे, म्हणून हे थांबून लिहिता आलं. आता रांग सरकते आहे.

मिरेन


ओकली
३ जून

रूता,

हे पत्र बसून वाच.

शुक्रवारी मी मेलेली पूड पुन्हा लावणार होते, तिसऱ्या फेरीनंतरची. का, तर हट्ट म्हणून. दुसरं कारण नाही. भांडी धुताना माझी शेवटची पांढरी कांडी पाण्याबरोबर सिंकच्या भोकातून गेली. असं प्रत्येकाचं कधीतरी होतं. डबा रिकामा होता आणि भांडारवाला जेवायला गेला होता. मी खिडकीखालचा जुना ड्रॉवर उघडला, ज्यात कुणाकुणाच्या सोडून दिलेल्या वस्तू असतात. त्यात एक कांडी होती. तिच्यावरचं टेफ्लॉन पांढरं राहिलेलं नव्हतं, राखाडी झालं होतं आणि त्यावर बारीक चरे होते. तू असतीस तर म्हणाली असतीस, अनुभवी आहे. मी ती ॲसिटोनने धुतली आणि चंबूत टाकली.

पूड चालली. पूर्ण. पहिल्या फेरीसारखी.

मी दुसरा चंबू घेतला. त्यात सगळं घातलं, फक्त पूड नाही. उत्प्रेरक नाहीच. राखाडी कांडी मात्र घातली.

माल तयार झाला, रूता. पुडीशिवाय.

तिसऱ्या चंबूत तेच सगळं, पूड नाही आणि भांडारातून आणलेली नवी पांढरी कांडी. काही झालं नाही. सोमवारी हे तिन्ही प्रयोग मी दोनदा केले. तेच.

तुला समजावून सांगायची गरज नाही, पण तुझ्या आईने रविवारी फोनवर "झालं काय ते मला कळेल असं सांग" म्हणून हट्ट धरला, तेव्हा मी जे सांगितलं तेच इथे लिहिते. चंबूच्या तळाशी चुंबकाची एक कांडी फिरते आणि रस ढवळते. पॅलेडियम आपण वाळूच्या कणांना चिकटवून ठेवलं आहे असं आपल्याला वाटत होतं. पण रस तापला की ते सुटतं. सुटलेलं पॅलेडियम कांडीच्या चऱ्यांमध्ये जाऊन बसतं. कांडी साबणाने, ॲसिटोनने धुतली तरी तिथून हलत नाही. नुसतं राखाडी दिसतं. पुढच्या वेळी वाळू काहीच करत नाही, कांडी करते. आपण वाळूचं कौतुक करतो.

तुझी आई म्हणाली, "म्हणजे गाढव दमलंय आणि गाडी ढकलतंय दुसरंच कुणी."

मी म्हटलं, साधारण.

"आणि रूताला ते दिसलं नाही?"

"कुणालाच दिसलं नाही. आम्ही वाळू मोजत होतो."

विसाव्या फेरीचा द्रव स्वच्छ का होता तेही आता कळतं. तोपर्यंत पुडीवर सुटण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आपण चोर निघून गेल्यावर कुलूप तपासलं. आणि ते मजबूत आहे असं छापलं.

आज हे घेऊन डेसकडे गेले. त्याने सगळं नीट वाचलं. या वेळी बिस्किट बाजूला ठेवलं, एवढं श्रेय त्याला देते. मग म्हणाला, "तू काय सिद्ध केलंस? माझा ड्रॉवर घाण आहे."

"रूताची कांडी वीस वर्षं जुनी होती. सगळ्यांनी वापरलेली. ती एकच कांडी वीसही फेऱ्यांना होती. तिला तीच आवडायची."

"असेल. पण ड्रॉवरमधल्या कांडीने काय केलं ते तू दाखवलंस. रूताच्या कांडीने काय केलं ते नाही. तिची विसाव्या फेरीची पूड आण, मी मान्य करतो."

ती पूड नाही. सगळी सूक्ष्मदर्शकाच्या फोटोंसाठी गेली. हे त्यालाही माहीत आहे.

"कारखान्याला निदान थांबायला सांग," मी म्हटलं.

"ड्रॉवरच्या साक्षीवर? शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिकेला, जी इथे नाही, तिला न विचारता? नाही, मिरेन. तिची कांडी आण."

मला चीड अशी आली की तो बरोबर आहे. मी त्याच्या जागी असते तर हेच म्हणाले असते. फक्त 'हात' या विषयावर माझी माफी मागितली असती.

मिरेन


ओकली
९ जून

रूता,

आज राजाच्या वाढदिवसाची सुट्टी. इमारत रिकामी आहे. हीटर बंद आहे म्हणून मी कोट घालून लिहिते आहे. हे शेवटचं पत्र. पुढचं लिहायला माझ्याकडे नवीन काही उरणार नाही.

तू उत्तर का देत नाहीस याची तीन कारणं मला सुचतात. पहिलं, तुला माझा राग आहे. दुसरं, तिथली नोकरी तुला त्या वीस फेऱ्यांवर मिळाली आहे आणि तुला भीती वाटते. तिसरं, ती कांडी तुला द्यायची नाही. तिन्ही समजण्यासारखी आहेत. तिन्हींवर मी उत्तर देते.

तिसरं आधी. तू ती मला दिली नाहीस. ठीक आहे. पण त्यातून काय झालं ते बघ. प्रथेप्रमाणे तू ती मला दिली असतीस, तर मी ती आनंदाने वापरली असती. हो, आनंदाने. माझ्याही वीस फेऱ्या झाल्या असत्या. डेसने माझी पाठ थोपटली असती. मॉरवेलला तिसरी फेरी पडली असती तेव्हा मी गेल प्रुइटला म्हणाले असते की तुम्हाला धुता येत नाही. दोघी मिळून आपण ते भांडं तिच्या गळ्यात बांधलं असतं. तू मला वगळलंस म्हणून मी नव्या कांड्या घेतल्या, आणि म्हणून या लॅबमध्ये फक्त माझेच आकडे पुडीचे होते. या गोष्टीवर मी खूश व्हावं की नाही, हे मला ठरवता येत नाही.

दुसरं. २० जूनपर्यंत तुझ्याकडून काही आलं नाही, तर माझ्याकडे जे आहे ते मी गेलला सांगेन. डेसला विचारून किंवा न विचारता. ती ३० जूनची सही मी होऊ देणार नाही. पण तेव्हा माझ्या हातात फक्त ड्रॉवरमधली कांडी असेल आणि तुझ्या वीस फेऱ्यांना कारण नसेल. ज्या आकड्यांना कारण सापडत नाही त्यांच्याबद्दल लोक काय म्हणतात ते तुला माहीत आहे. मॉरवेलमध्येही म्हणतील. तुझी आई त्याच पेट्रोल पंपावर जाते.

कांडी आली, तर मी ती रिकाम्या चंबूत फिरवेन, आणि बहुतेक माल तयार होईल. मग ती चूक असेल. आपल्या तिघांची, आणि आधीच्या सगळ्यांची, ज्यांनी ती हातोहात दिली. चुकीची दुरुस्ती छापता येते. मसुदा मी केला आहे, सोबत आहे. त्यात 'हात' हा शब्द नाही, 'रूता' हाही नाही. 'आम्ही' आहे.

नोकरीचं मला माहीत नाही. तिथल्या लोकांना मी ओळखत नाही. पण विचारलं तर मी सांगेन की वीसही फेऱ्यांना मी शेजारी उभी होते.

पहिलं कारण. मी तुला कधी खोटारडी म्हटलं नाही. तुला तसं ऐकू आलं. आता मी उलटं लिहून देते, म्हणजे ऐकण्यात चूक होणार नाही: तू खोटं बोलली नाहीस. हे मला पार्किंगमध्येही माहीत होतं. माझ्याकडे कारण नव्हतं म्हणून मी गप्प होते. कारणाशिवाय बोलायची मला सवय नाही. हा माझा दोष आहे असं तू म्हणशील. मी त्याला सवय म्हणते.

तुला उत्सुकता असेल म्हणून कळवते. पॅलेडियम कणांना बाहेरून चिकटवायचं सोडून मी आता ते सिलिकाच्या आत, अगदी बारीक कप्प्यांत कोंडून पाहते आहे, म्हणजे रस आत जाईल पण धातू बाहेर निघणार नाही. दर फेरीला नवी कांडी आणि दर फेरीचा द्रव तपासायला, पहिल्या फेरीपासून. आत्तापर्यंत सहा फेऱ्या झाल्या. सातवी मंदावली आहे. कप्प्यांची तोंडं रसाच्या चिकट्याने बुजतात असं दिसतं. तू असतीस तर तोंडं किती रुंद ठेवायची यावर आपण अख्खा आठवडा भांडलो असतो. सहा म्हणजे वीस नव्हेत. पण त्या पुडीच्या आहेत. हे मी शनिवारी गेलला फोनवर सांगितलं, बाकी काही न सांगता. ती म्हणाली, "सहा खऱ्या असतील तर मी कारखान्यात सहांवर बोलते. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू. अनुदान काय, सरकार बदलतं तसं येतं-जातं." मग विचारलं, "वायत्कुसांची रूता आहे का यात?" मी म्हटलं, कळवते.

सोबत एक पिवळं एक्सप्रेसचं पाकीट आहे. त्यावर माझा पत्ता आहे. आत एक काचेची बाटली आहे, झाकणाची. कांडी काढल्यावर फ्रिजवरचं तुझ्या वडिलांचं ओळखपत्र पडू नये म्हणून एक चुंबकही ठेवला आहे. मॉरवेलच्या पेट्रोल पंपावर मिळाला. त्यावर पाडलेल्या चिमणीचं चित्र आहे. दुसरं काही मिळालं नाही.

शुक्रवार, २० जूनपर्यंत मला उत्तर हवं आहे. कांडी पाठवते आहेस की नाही, एवढंच. पाठवणार असशील तर चिमट्याने उचल आणि थेट बाटलीत टाक. धुऊ नकोस. आहे तशीच हवी.

मिरेन